सातवी खाच

१

माणसं आपल्या शरीराबद्दल जितकं खोटं बोलतात, तितकं वयाबद्दलही बोलत नाहीत. टेप कमरेभोवती गेला की पोट सुटलेला गृहस्थ श्वास ओढून घेतो आणि छताकडे बघत राहतो. मीही टेप धरून तसाच उभा राहतो. श्वास किती वेळ धरेल? तो सुटला की मग माप घ्यायचं. चाळीस वर्षांत एकही गिऱ्हाईक माझ्यापुढं टिकलेलं नाही.

मला सगळे मास्तर म्हणतात. मी कोट शिवतो, म्हणजे खरं तर बेततो. शिवायला काय, कुणीही शिवतं. कापड अंथरून खडू मारायचा, कात्री चालवायची आणि एकदा चालवली की मागं वळून बघायचं नाही, हे ज्याला जमतं तो मास्तर, बाकीचे टाके घालणारे.

गेल्या वर्षी माझा उजवा खांदा धरला. आधी कात्री जड वाटू लागली, मग कंगवा, मग शर्टाची बाही. हाडांच्या डॉक्टरांनी मला फिजिओकडे पाठवलं. ती माझ्या मुलीच्या वयाची बाई. तिनं माझा हात वर करून बघितला, मी ओरडलो, तिनं कागदावर काहीतरी लिहिलं.

“काका, तीन महिने रोज व्यायाम. पण मशीनवर. मोकळी वजनं नकोत, हात वाकडा जाईल. मशीन हाताला सरळ रेषेत नेतं.”

“आणि नाही केला तर?”

“तर मग कात्री विसरा.”

कात्री विसरायची म्हणजे बेताचं टेबल जावईबापूंच्या ताब्यात द्यायचं. आमचे जावईबापू सहा वर्षं माझ्या दुकानात आहेत. ते कॉम्प्युटरवरून काढलेले कागदी साचे वापरतात: लहान, मध्यम, मोठा. देवानं इतकी माणसं घडवली आणि यांना त्यांत तीनच प्रकार दिसले. दोन महिन्यांवर एका हॉटेलच्या चाळीस कोटांचं काम आलं होतं, आणि हॉटेलच्या मॅनेजरनं मला बजावून विचारलं होतं, “बेतणार तुम्हीच ना, मास्तर?” मी हो म्हणून बसलो होतो. तोवर हात वर गेला नाही तर टेबल जावयाचं आणि मी कोपऱ्यात बटणं टाचत बसणार, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त कुणी बोलत नव्हतं.

२

व्यायामशाळेत जायचा प्रश्नच नव्हता. विशीतल्या पोरांच्या घोळक्यात, आरशासमोर, मी धापा टाकणार नाही. मुलीची रिकामी खोली माडीवर होती. ती मी मापून घेतली. दहा बाय नऊ, दार अडीच फूट, पंख्याखाली साडेसात फूट उंची. तो कागद खिशात घालून मी व्यायामाच्या सामानाच्या दुकानात गेलो.

तिथल्या विक्रेत्यानं एक माप लहान शर्ट घातला होता, दंड दिसावेत म्हणून. काखेत शिवण ताणली होती आणि पाठीवर सुरकुत्या पडल्या होत्या. स्वतःच्या मापाचा शर्ट ज्याला निवडता येत नाही, तो मला मशीन निवडून देणार होता.

“काका, एकाच जागेत चाळीस व्यायाम,” तो म्हणाला.

“मला एकच हात आहे दुखरा. चाळीस काय करू?”

त्यानं पहिलं दाखवलं ते चार जणांनी एकदम बसायचं धूड होतं. ते खोलीत मावलं असतं, मी मावलो नसतो. दुसरं पलंगाखाली घडी घालून सरकवायचं. त्यात वजनांच्या जागी रबरी पट्टे होते. रबरावर माझा विश्वास नाही. कापडात रबर आलं की बेताचं काम संपतं, कुठलंही ढेरपोट त्यात बसतं. तिसरं मात्र कामाचं होतं. कोपऱ्यात बसणारं, पाच फूट बाय चार, लोखंडी पाट्यांचा एकच गठ्ठा. समोर ढकलायची दोन हँडलं, वरून ओढायचा दांडा, पायांसाठी रोलर, खाली एक पुली. हवी तितकी वजनं घ्यायला पाट्यांत एक पिन खुपसायची. सीट वरखाली करायला आठ खाचा आणि हँडलं मागंपुढं करायला सहा-सहा, उजव्याला वेगळ्या, डाव्याला वेगळ्या.

मी वाकून सीट बघितली. रेक्झिन गोंदानं चिकटवून खाली पिना मारल्या होत्या, कोपऱ्यांवर चुण्या. शी! तेवढ्यात मागं भिंतीशी तसलंच दुसरं मशीन दिसलं. त्याच्या सीटला शिवण होती. दुहेरी, इंचाला बारा टाके, चारही कोपरे हातानं वळवलेले. असा कोपरा वळवणारा माणूस मी माझ्या उस्तादांनंतर बघितला नव्हता.

“हे द्या.”

“ते नका घेऊ, काका. ते नुसतं ठेवलंय.”

“विकायचं नसेल तर ठेवलंय कशाला? लोणचं घालायला?”

“पॅक पीस देतो ना. कोरा माल.”

“ही शिवण कुणी केली?”

“शिवण?” त्यानं सीटकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. “कंपनीचीच असेल.”

मला गंमत वाटली. चांगला माल मागं ठेवायचा आणि येड्यागबाळ्याच्या गळ्यात खोका मारायचा, ही सगळ्याच दुकानदारांची रीत. मी हटून बसलो. शेवटी तो तयार झाला. बाकीच्या दोन्ही मशीनवर त्यानं स्वतः बसून, दंड फुगवून दाखवलं होतं. यावर तो बसला नाही. बाजूला उभा राहून एका हातानं दांडा ओढला आणि सोडून दिला. आळशी आहे, असं मी मनात म्हणालो.

३

दोन फिटर आले, खोलीत मशीन उभं करून गेले. फिजिओबाई एकदा घरी आली आणि माझं सगळं लावून दिलं: सीट तिसऱ्या खाचेत, दोन्ही हँडलं दुसऱ्या, पिन पहिल्या पाटीत. पाच किलो. आमच्या सौभाग्यवतींनी दारातून बघितलं.

“पाच किलो तर मी मंडईतून रोज आणते,” ती म्हणाली.

“मग तू बस की.”

“माझे गुडघे जिना चढताना काय बोलतात ते ऐकता ना? मला नको तुमचं लोखंड.”

माझा दिवस ठरलेला. सकाळी आठला माडीवर, पंधरा मिनिटं, मग आंघोळ, चहा, दुकान. एकला घरी जेवायला, तीनला परत. जावईबापू सकाळी दुकानाची चावी न्यायला येत. खाली दोन मिनिटं उभे राहत, “बरंय का बाबा खांद्याला?” विचारत आणि जात. घरात आम्ही दोघंच.

चौथ्या दिवशी मी सीटवर बसलो आणि पाय लोंबकळले. सीट सातव्या खाचेत होती.

मी खाली येऊन हिला विचारलं. तिनं पोळी लाटता लाटता मान वर केली. “मी काय माकड आहे, तिथं चढून बसायला?” मग राहिले जावईबापू. सासऱ्याचं मशीन, फुकटचा व्यायाम. मला पटलं. मी सीट खाली आणली, व्यायाम केला, आणि दुसऱ्या दिवशी ते चावी न्यायला आले तेव्हा जिन्याच्या तोंडाशीच उभा राहिलो. ते जिन्याकडे फिरकलेसुद्धा नाहीत. वर गेलो तर सीट सातव्या खाचेत, दोन्ही हँडलं पाचव्या, पिन नवव्या पाटीत.

मी फिटरला बोलावलं. त्यानं पिन ओढून बघितली, स्प्रिंग दाबून बघितली.

“काही झालेलं नाही, मास्तर. घट्ट आहे.”

“मग आपोआप कशी सरकते?”

“सैल असती तर वजनानं खाली घसरली असती. वर कशी जाईल? वर जायला कुणीतरी उचलावीच लागते.” तो हसला. “घरात कुणी उंच आहे का?”

आमच्या घरात कुणी उंच नाही.

४

दुसरा कुणी असता तर घाबरला असता. मी मापाची वही काढली.

मशीन म्हणजे एक प्रकारचा टेपच. सीट सातव्या खाचेत हवी म्हणजे नडगी लांब आणि धड आखूड, नाहीतर हँडलं छातीसमोर येणारच नाहीत. हँडलं पाचव्या खाचेत म्हणजे हात लांब, बाही सव्वीस इंच तरी. रोलर कुठं अडकवलाय त्यावरून मांडी कळली. वरच्या दांड्यावर तळव्यांचा घाम पुसट उमटला होता, दोन ठशांतलं अंतर मोजून खांद्याची रुंदी काढली. अर्ध्या तासात वहीत एक माणूस उभा राहिला. नावाची जागा तेवढी मोकळी.

काय बेंगरूळ माणूस होता तो! छाती पोरसवदा, हातपाय कोळ्यासारखे. लग्नातला कोट मीच शिवल्यामुळं जावयाचं माप मला पाठ आहे, ते हे नव्हे. शेजारच्यांतही असं कुणी नव्हतं. मी त्या आकड्यांकडे बघत बसलो आणि मला भीतीऐवजी कीव आली. असल्या अंगावर कोट बसवायला मास्तरच लागतो, असं वाटून गेलं. इथंच माझं चुकलं. माप घेतलं की ते माणूस शिंप्याचं गिऱ्हाईक होतं, हे मला कळायला हवं होतं.

माझा तर्क अजून शाबूत होता. कुणीतरी चोरून येतं आहे, मागच्या गच्चीवरून येत असेल. त्याला लाजवायचं. तुझी इंचइंच कुंडली माझ्याकडे आहे हे दाखवायचं. मी मांजरपाटाचा एक कच्चा कोट बेतला, म्हणजे जावयाला बेतायला सांगितला आणि त्यांच्या डोक्यावर बसून एकेक रेघ दुरुस्त करून घेतली.

“बाबा, हे कुणाचं माप आहे?” त्यांनी विचारलं. “असा माणूस असतो?”

“तुमच्या तीन मापांत बसत नाही, म्हणून असू नये की काय?”

मी कच्चे टाके डाव्या हातानं घातले, कोट माडीवर नेला, वरच्या दांड्याला टांगला आणि नेहमीच्या सवयीनं मोठ्यानं म्हणालो, “ट्रायलला या.” खाली हिनं ऐकलं.

“कुणाशी बोलताय?”

“गिऱ्हाईकाशी.”

“नसते उद्योग,” ती म्हणाली.

५

दुसऱ्या दिवशी कोट दांड्यालाच होता. फक्त उजव्या बाहीला टाचण्या लावलेल्या होत्या.

मनगटाकडे चार टाचण्या, आडव्या, सगळ्यांची डोकी बाहेर. शिंपी लावतो तशा. बाही साडेतीन इंच आत घ्या, असं त्या सांगत होत्या. टाचण्या माझ्याच उशीतल्या होत्या. ती उशी दुकानात, टेबलाच्या खणात असते.

मी प्रामाणिकपणे सांगतो, त्या क्षणी मला खोलीतल्या थंडाव्याचं काही वाटलं नाही, की पाट्या नुकत्याच थांबल्यासारख्या किंचित हलत होत्या त्याचंही नाही. मला राग आला. माझी चूक काढली होती! चाळीस वर्षांत माझ्या बाहीला कुणी टाचणी लावलेली नाही. मी तावातावानं मशीन बघितलं. डावं हँडल पाचव्याच खाचेत होतं, उजवं दुसऱ्या. माप बदललं होतं. चूक माझी नव्हती, गिऱ्हाईक बदललं होतं. मला हायसं वाटलं, हे आता सांगताना माझीच मला लाज वाटते.

मी बाही आत घेतली. साडेबावीस झाली. साडेबावीस ही माझी बाही. पण जगात साडेबावीस बाही काय माझ्या एकट्याचीच आहे?

त्याच सकाळी मी हँडल ढकललं आणि खांदा दुखला नाही. मी पिन दुसऱ्या पाटीत घातली, मग तिसऱ्या. हात लोण्यातून जावा तसा गेला. मी मोठ्यानं हसलो. पंधरवड्यात मी सहाव्या पाटीवर आलो आणि उजव्या हातानं डोक्यावरचा पंखा पुसला. शर्टाची उजवी बाही मनगटाच्या वर राहू लागली तेव्हा मी हिच्यावर खेकसलो, की कापड गरम पाण्यात टाकून आटवलंस म्हणून.

“एकच बाही आटते का हो?” ती म्हणाली.

६

फिजिओबाईनं हात वर करून बघितला, बाजूला करून बघितला. खूष झाली. मग तिनं दोन्ही हातांची लांबी मोजली, आणि पुन्हा मोजली.

“माझा टेप बिघडलाय बहुतेक,” ती म्हणाली.

“टेप असा धरतात का, बाई? आणा इकडं.”

मी आरशासमोर उभा राहून तिच्याकडून नीट धरवून घेतला. डावा साडेबावीस. उजवा सव्वीस. ती माझ्याकडे बघत होती आणि मी टेपकडे. टेप कधी खोटं बोलत नाही, हे मी आयुष्यभर लोकांच्या तोंडावर फेकत आलो होतो.

“काका, काही दिवस मशीन बंद ठेवा,” ती हळूच म्हणाली. “मी मोठ्या डॉक्टरांशी बोलते.”

मी बंद ठेवलं. तीन दिवस माडीवर गेलो नाही. पहिल्या दिवशी खांदा कुरकुरला. दुसऱ्या दिवशी कंगवा धरवेना. तिसऱ्या दिवशी दुकानात हॉटेलचं कापड येऊन पडलं, सहा मोठे तागे, आणि मी कात्री उचलायला गेलो तर ती हातातून सुटून फरशीवर आपटली. टोक मोडता मोडता वाचलं. जावईबापूंनी ती उचलली, पुसली, आणि माझ्या हातात द्यायच्या ऐवजी स्वतःच्या बाजूला ठेवली.

“मी बेतू का, बाबा?” ते म्हणाले. “तुम्ही बसून सांगा.”

त्यांच्या आवाजात दया होती. मी आयुष्यात अनेकांची कीव केली आहे, पण माझी कुणी केलेली मला चालत नाही. चौथ्या दिवशी सकाळी आठला मी माडीवर गेलो. सीट आता पाचव्या खाचेत होती आणि कोटाच्या डाव्या बाहीला टाचण्या होत्या. मी सीट तिसऱ्या खाचेत आणायला गेलो, बसून बघितलं, आणि पाचव्याच खाचेत मला बरं वाटलं.

मी मूर्ख नव्हतो. काय चाललंय ते मला दिसत होतं. फक्त तो हात मला हवा होता.

७

पुढचे दिवस मी सगळ्या टाचण्यांप्रमाणं कोट दुरुस्त करत गेलो. डावी बाही, मग पाठीची लांबी, मग खांद्याचा उतार. अंगात भिनलेली खोड, चुकीच्या बसणीचा कपडा मला टांगलेला बघवत नाही. रोज सकाळी सीट एकेक खाच खाली आलेली असे आणि मी ती वर करून बसत असे. शेवटी कोट पुरा झाला तेव्हा मी आकडे वहीशी ताडून पाहिले. ते माझे होते, सगळेच्या सगळे. मी कोट अंगात घातला तर बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर राहिल्या आणि छातीवर कापड लोंबलं.

चाळीस कोट बेतायचे होते त्या सकाळी कोट दांड्यावर नव्हता. कुणीतरी घेऊन गेलं होतं. मशीनची सीट तिसऱ्या खाचेत होती, हँडलं दुसऱ्या, पिन पहिल्या पाटीत. पाच किलो. माझ्यानंतर तिथं कुणी बसलं असेल तर त्याचा उजवा खांदा धरलेला होता. मी व्यायाम न करताच खाली आलो. हिचं तोंड शेगडीकडे होतं.

“झालं इतक्यात?” तिनं वळून न बघता विचारलं. “मघापासून पाट्यांचा आवाज येत होता. कण्हत होतात. जास्त ताणू नका हो.”

चपला घट्ट होत होत्या. त्या तशाच चढवून मी निघालो.

दुकानात मी आठ पदर एकावर एक अंथरले. असले पदर कापायला दोन माणसं लागतात. मी खडू मारला आणि कात्री घातली. अशी कात्री मी पंचविशीतही चालवली नव्हती. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हात एका दमात जात होता, कापड दोन्ही अंगांना पडत होतं. कारागीर मशीन थांबवून बघत राहिले. जावईबापू तोंड उघडं टाकून उभे होते आणि मी त्यांच्याकडे बघून हसलो, अगदी मनापासून, तुच्छतेनं. घ्या तुमचे साचे! साडेबारापर्यंत चाळीसच्या चाळीस कोट टेबलावर पडले होते. टेबल मात्र फार बुटकं वाटत होतं. माझ्याच उंचीला करून घेतलेलं टेबल, आणि माझी कंबर वाकून वाकून भरून आली होती.

“बाबा,” जावईबापू म्हणाले. मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, आणि त्यांचा आवाज बदलला. “म्हणजे... बाबा कुठं गेले?”

“काय?”

“नाही, काही नाही,” ते म्हणाले आणि एक पाऊल मागं सरकले. कारागिरांपैकी कुणी मशीन पुन्हा सुरू केलं नव्हतं.

८

मी घरी निघालो तेव्हा एक वाजत होता. रस्त्यावर लख्ख ऊन होतं. भाजीवाली, केस कापणारा, चाव्या करणारा, सगळे वीस वर्षांचे ओळखीचे. रोज हाक मारतात आणि रोज मी नुसती मान हलवून पुढं जातो, कारण यांच्याशी काय बोलायचं? त्या दिवशी कुणीही हाक मारली नाही. मी भाजीवालीच्या समोर थांबलो. “ताजी आहे, बघा,” ती म्हणाली. नव्या माणसाला सांगतात तसं.

आता मला भीती वाटली. ती पायांत वाटली, त्या लांबलचक परक्या पायांत. मी जवळजवळ पळतच घर गाठलं आणि दार वाजवलं. किल्ली खिशात होती, पण मला हिनं दार उघडायला हवं होतं. तिनं मला बघितलं की सगळं जागच्या जागी येईल, असं मला वाटत होतं. तेहतीस वर्षं ती मला बघते आहे.

हिनं दार उघडलं. हाताला पीठ होतं. तिनं माझ्याकडे वर बघितलं, मान मागं टाकून, आणि पदर सारखा केला.

“मास्तरांकडं आलात का?” ती म्हणाली. “या ना. आजच जरा दुकानातून लवकर आलेत, वर आहेत.”

“अगं,” मी म्हणालो. आवाज माझा होता, निदान मला तसा वाटला. “अगं, मी.”

ती हसली. घरी येणारी गिऱ्हाईकं ओळख सांगू लागली, आणि तिला काही आठवेना, की ती असंच हसते. त्या हसण्यात कसलाही संशय नव्हता.

“बसा. त्यांचा खांदा दुखतोय ना, उतरायला वेळ लागतो. पाणी आणते.” मग तिनं जिन्याकडं तोंड करून हाक मारली, “अहो, कुणीतरी आलंय!”

वर लोखंडी पाट्या एकावर एक बसल्याचा आवाज आला. सावकाश, काळजीनं सोडलेल्या. मग पावलं. मी त्या पावलांचा माणूस ओळखत होतो. डावं पाऊल जरा फेंगडं पडतं, पायरीवर एक क्षण थांबतं, मग घसा खाकरतं. मी गेली कित्येक वर्षं तसाच जिना उतरतो.

जिन्याला वळण आहे, तिथं भिंत आडवी येते. म्हणून मला फक्त कठड्यावर ठेवलेला हात दिसला. मांजरपाटाची बाही मनगटावर बरोब्बर थांबलेली, ना इंच कमी ना जास्त. अंगठ्याच्या मुळाशी कात्रीचा घट्टा, चाळीस वर्षांचा, पिवळा पडलेला. मी माझा हात उघडून पाहिला. तळवा गुळगुळीत होता.

तो हात कठड्यावर थांबला. वळणापलीकडून कुणीतरी जरासं वाकून माझ्याकडं बघत होतं हे मला कळलं. खांद्यापासून पायांपर्यंत, पायांपासून खांद्यापर्यंत. ती नजर मला ठाऊक होती. तिच्यात दयामाया नसते.

“काय बेंगरूळ अंग आहे,” माझा आवाज माडीवरून, अगदी हळू, स्वतःशीच म्हणाला. आणि मग गिऱ्हाईकाला ऐकू जावं असा, मोठ्यानं: “बसा तुम्ही. येतोय मी.”

ही पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली आणि तिनं खुर्ची पुढं केली.

मी बसलो.